इलेक्ट्रोडजवळचं बेरियम: रेषा दिसली, आता प्रमाण

मर्क्युरी (पाऱ्याच्या) दिव्याच्या इलेक्ट्रोडपाशी बेरियमची रेषा, म्हणजे वर्णपटात फक्त बेरियमचीच असणारी ठरावीक रंगाची रेघ, सापडली, इथवर गेल्या वेळी आलो होतो. पण रेषा चकाकते म्हणजे बेरियम भरपूर आहे असं नाही. चमक तापमानावरही ठरते, आणि इलेक्ट्रोडच्या टोकापासून जरा दूर गेलं की तापमान झपाट्याने बदलतं. त्यामुळे आता शोषणाकडे वळलोय: मागून टाकलेला प्रकाश बेरियम किती गिळतं ते मोजायचं.

नव्याने येणाऱ्यांसाठी एवढंच: टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला साधारण ४.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. टोकावर बेरियमचा पातळ थर असला की हा आकडा बराच उतरतो, टोक कमी तापतं आणि कमी झिजतं. म्हणून इलेक्ट्रोडच्या टंगस्टन तारेच्या वेटोळ्यांत बेरियमचं ऑक्साइड भरलेलं असतं. ते किती वेगाने उडून जातंय, हा माझा मूळ प्रश्न.

दिवा पारदर्शक काचेचाच घ्या. उच्च दाबाच्या सोडियम दिव्याची आतली नळी दुधी अ‍ॅल्युमिनाची असते, तिच्यातून टोकाची रेखीव प्रतिमा मिळत नाही. आणि बाहेरचा फुगा कधीही काढू नका. अतिनील किरण तोच अडवतो.

भिंगाने आर्कची (दोन इलेक्ट्रोडमधल्या झगझगीत ठिणगीची) मोठी प्रतिमा स्लिटवर, म्हणजे अरुंद फटीवर, पाडतो. स्लिट आर्कच्या अक्षाला समांतर ठेवली की कॅमेऱ्याची प्रत्येक ओळ म्हणजे टोकापासूनचं एक ठरावीक अंतर. मागे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी, मिलिमीटरला १२०० रेषांची ग्रेटिंग आहे. तरंगलांबीची खूण पाऱ्याच्याच ४३५.८, ५४६.१ आणि ५७७.० नॅनोमीटर या रेषांवरून लावतो (पुढचे रेषांचे आकडेही नॅनोमीटरमध्येच).

उदासीन बेरियमची (एकही इलेक्ट्रॉन न गमावलेल्या अणूंची) ५५३.५ ही रेषा ५४६.१ च्या शेजारीच येते, आणि एक्सपोजर वाढवलं की पाऱ्याची हिरवी रेषा पसरून तिच्या अंगावर येते. बेरियमच्या आयनांच्या (एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या) दोन रेषांपैकी ४९३.४ ला पाऱ्याची ४९१.६ चिकटते. ४५५.४ मात्र मोकळी आहे, मला तीच सर्वांत भरवशाची वाटते. बेरियमचं आयनीभवन ५.२ इलेक्ट्रॉन व्होल्टलाच होतं, पाऱ्याला १०.४ लागतात, म्हणजे गरम भागात आयनच जास्त.

सगळ्यात आनंद दिला तो फेज, म्हणजे विजेच्या आवर्तनातला नेमका क्षण, पकडण्याने. ५० हर्ट्झवर एकच टोक १० मिलिसेकंद कॅथोड (ऋण टोक) असतं, पुढचे १० अ‍ॅनोड (धन टोक). फोटोडायोडवरून ट्रिगर घेऊन १ मिलिसेकंदाचं एक्सपोजर केलं, तर कॅथोड असताना ४५५.४ ची रेषा टोकाला बिलगून राहते आणि अ‍ॅनोड असताना आर्कमध्ये लांबवर पसरते. विद्युतक्षेत्र धन आयनांना आधी टोकाकडे ओढतं, मग दूर लोटतं. हे दोन फोटो शेजारी ठेवून मी कितीतरी वेळ बघत बसलो.

शोषणासाठी आर्कच्या मागून पांढरा एलईडी टाकतो. एक फ्रेम एलईडी चालू, एक बंद, दोन्ही एकाच फेजला, आणि वजाबाकी. ५५३.५ ला बारीकशी खाच येते. तिची खोली मोजण्यात अर्थ नाही, कारण माझ्या उपकरणाचं विभेदन (जवळच्या तरंगलांब्या वेगळ्या दाखवण्याची क्षमता) रेषेच्या रुंदीपेक्षा ढोबळ आहे आणि खाच उथळ होऊन पसरते. क्षेत्रफळ मात्र तेच राहतं. म्हणून समतुल्य रुंदी काढतो, म्हणजे तेवढ्याच क्षेत्रफळाची पण प्रकाश पूर्ण गिळणारी खाच किती रुंद असती ते. रेषेची दोलक तीव्रता (अणू त्या रेषेवर किती जोराने प्रकाश शोषतो त्याचा आकडा) सुमारे १.६ धरली, तर नजरेच्या वाटेत दर चौरस सेंटिमीटरला एक लाख कोटी अणू असताना ती ०.०४ नॅनोमीटर यायला हवी. हे शोषण बेताचं असेपर्यंतच. दाट बेरियमला रेषा तृप्त होते, म्हणजे अणू वाढले तरी शोषण त्या प्रमाणात वाढत नाही, आणि हिशेब कमी आकडा देतो. टोकाला अगदी लागून असलेल्या ओळींवर म्हणूनच अजून विश्वास ठेवत नाही.

आता मागे निळा एलईडी लावतोय. ४५५.४ ही आयनांच्या मूळ पातळीवरून, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीवरून, निघणारी रेषा असल्याने तिच्या शोषणातून आयनांची संख्या मिळेल. ती आणि उदासीन अणू यांची बेरीज टोकापासूनच्या अंतराप्रमाणे मांडायची आहे, आधी नव्या दिव्यावर आणि मग तोच दिवा भरपूर जळल्यावर.