तुम्ही विचारलंत म्हणून: चिखलासाठी एका गिअरची सायकल

हिवाळ्यात वाटा ओल्या झाल्या की हा प्रश्न मला दर वर्षी येतो: "चिखलातून चालवायला सिंगलस्पीड माउंटन बाईक घ्यायची आहे, बजेट कमी आहे. काय बघून घेऊ?"

सगळ्यात आधी मागचा एक्सल, म्हणजे चाकाचा आस, फ्रेममध्ये बसतो ती खाच बघा. रंग, सीट, हँडल नंतर.

मी सिंगलस्पीडकडे वळले ती एका डिरेलरमुळे, म्हणजे गिअर बदलताना चेन हलवणाऱ्या आणि ती ताणून धरणाऱ्या मागच्या भागामुळे. ओल्या रानवाटेवर चिखल आणि गवत त्याच्या दोन छोट्या चाकांत गुंतत गेलं. चढावर जोर लावला तसा तो मोडून आऱ्यांत शिरला आणि राहिलेली वाट मी सायकल ढकलत संपवली. सिंगलस्पीडला तो भागच नसतो. पुढे एक दातेरी चक्र, मागे एक, मध्ये सरळ धावणारी चेन. चिखल बसतो, पण त्याला अडकायला जागा फार कमी.

आता ती खाच. चेन ताणायला डिरेलर नाही, म्हणजे मागचं चाकच मागेपुढे सरकवता आलं पाहिजे. खाच आडवी असेल तर ते जमतं. उभी असेल तर स्प्रिंगचा टेन्शनर लावावा लागतो, आणि त्याचं छोटं चाक पुन्हा चिखल ओढू लागतं. डिस्क ब्रेक असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: साध्या आडव्या खाचेत चाक सरकवलं की कॅलिपरही, म्हणजे डिस्क पकडणारा ब्रेकचा भागही, नव्याने बसवावा लागतो. ब्रेकसकट सरकणारे ड्रॉपआउट (एक्सलच्या खाचेचे तुकडे) असलेली जुनी, ओरखडे पडलेली फ्रेम मिळाली, तर मी ती नव्या चकचकीत सायकलीपेक्षा आधी घेईन.

मग टायरभोवतीची जागा. टायर चढवलेला असताना दोन्ही बाजूंना बोटभर मोकळं दिसायला हवं, विशेषतः पेडलच्या मागे, जिथे फ्रेमच्या नळ्या जवळ येतात. इथे अडकलेला चिखल चाक थांबवतो आणि रंगही घासून काढतो. जागा कमी असेल तर रुंद टायरचा हट्ट सोडा. उंच, विरळ गुट्ट्यांचा (रबरी उंचवट्यांचा) थोडा अरुंद टायर चिखल कापत खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचतो आणि फिरताना चिखल झटकूनही टाकतो.

ब्रेक डिस्कचेच घ्या. रिमवर दाबणारे ब्रेक वाळूमिश्रित चिखलात रिमच कुरतडतात, आणि रिम बदलणं म्हणजे अख्खं चाक पुन्हा बांधणं. केबलवर चालणारे साधे डिस्क ब्रेक पुरतात, फक्त पॅड सिंटर्ड म्हणजे धातूचे लावा. ऑर्गॅनिक पॅड ओल्या वाळूत भराभर झिजतात. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, मात्र सस्पेन्शनचा नको. स्वस्त सस्पेन्शन जड असतं, त्याच्या सीलमधून घाण आत जाते आणि वर्षभरात ते अडखळू लागतं. साध्या फोर्कमध्ये बिघडण्यासारखं काही नाही.

गिअर किती, हेही विचारतात. 26 इंची चाकाला 32 दाते पुढे, 16 मागे हे नेहमीचं गणित. 29 इंची चाक मोठं, म्हणून तेवढ्याच जोरासाठी मागे 18 लागतात. पण हे कोरड्या वाटेचं. चिखल पाय ओढतो, म्हणून हिवाळ्यात मी मागे आणखी दोन दाते वाढवते. सपाटीवर पाय भराभर फिरतात; फिरू देत. चढावर उतरावं लागत नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

जुन्या गिअरच्या सायकलीवर एकच कॉग (मागचं दातेरी चक्र) आणि उरलेली जागा भरणारे स्पेसर बसवूनही काम होतं. मात्र कॉगचा बुडखा रुंद घ्या. पातळ कॉग ॲल्युमिनियमच्या फ्रीहबमध्ये, म्हणजे तो ज्यावर बसतो त्या मागच्या चाकाच्या नळकांड्यात, रुततो.

सायकल जुनी घेतलीत तरी चेन आणि कॉग पहिल्याच दिवशी नवे घाला. पुढे एक फसगत होते, ती माझीही झाली आहे. चेन ढिली झाली की चाक मागे सरकवायचं, पुन्हा ढिली झाली की पुन्हा सरकवायचं. चालतंय असं वाटत राहतं आणि तोवर झिजलेली चेन कॉगचे दाते खाऊन टाकते. त्यामुळे पट्टी लावून मोजा: नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. त्या एक अष्टमांश इंचाने वाढल्या की चाक सरकवू नका, चेन बदला.