खोली नंबर सतरा, जमा

लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीतल्या सत्यनारायणाला एक अध्याय जास्तीचा असायचा. आरती झाली की आबा लाल बासनातून मंडळाची वही काढत आणि जमाखर्च वाचत. आम्हा पोरांचा जीव शिऱ्यात. पण आबा नुसतं चालू वर्ष वाचून थांबतील तर शपथ. जुन्या वह्याही निघायच्या.

आबा १९१८ चे, मानमोडीच्या साथीत जन्मलेले. सोळाव्या वर्षी रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले ते थेट गिरणीत, साचे म्हणजे माग चालवायला. (बोट कशी लागली, हेही दरवर्षी.)

१९४४ चं पान आलं की चष्मा पुसायचे. त्या १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं. "मला वाटलं साचाच अंगावर येतोय!" जहाजात सोन्याच्या विटाही होत्या, त्यातली एक लांब एका पारशाच्या घरात जाऊन पडली. आमच्या चाळीत पडली नाही, याचं आबांना तेव्हाही वाईट वाटत असावं.

१९५७ च्या वहीत नुसती खाडाखोड. एप्रिलपासून नवे पैसे आले. "आणा म्हणजे सव्वासहा पैसे. आता तो पाव पैसा मी मांडू कुठे?" दोन पैशांचा फरक आला तर कंदील लावून पहाटेपर्यंत बसणारा माणूस तो. १९६० च्या वहीत १ मे ला पेढे आहेत. गणपतीच्या पैशातून पेढे कसे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मग १९८२. अठरा जानेवारीपासून संप. अडीच लाख गिरणी कामगार घरी, भोंगे गप्प. आबा निवृत्त झालेले, पण दोन्ही मुलगे संपात. त्या वर्षी मूर्ती लहान आणली, शिरा द्रोणाच्या तळाशी. मी सातवीत होतो. वर्गणी गोळा करायला आबांबरोबर मीच फिरलो होतो, त्यामुळे कुठल्या दारातून हात हलवत परतलो ते मला पाठ होतं.

आबा वाचू लागले. खोली नंबर एक, जमा. दोन, जमा. एकही खोली सुटली नाही. खोली नंबर सतरा, जमा.

सतरा आमची. मी वडिलांकडे पाहिलं. ते मान खाली घालून सुपारी कातरत होते.

त्या वर्षी आबांनी बेरीज वाचली नाही. वही बासनात बांधली आणि म्हणाले, "चला, प्रसाद वाटा."