उशीवरून डोकं उचलेना

कपाशीवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारताना पाठीवरचा पंप गळत राहिला, भिजलेली बनियन तशीच अंगावर. पेशंट आमच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सात तास गेलेले. तोंडाला फेस, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी 48. आधी कपडे काढून साबणाने केसांपासून नखांपर्यंत धुवायचं. हे काम वॉर्डातल्या मामा-मावशींवर ढकललं जातं आणि नेमके त्यांनाच हातमोजे मिळत नाहीत.

मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं, पुढच्या पेशीच्या रिसेप्टरला चिकटतं, आणि कोलिनेस्टरेज हे एन्झाइम लगोलग त्याचे तुकडे करतं. कीटकनाशक या एन्झाइमलाच जखडतं. ॲसिटिलकोलीन साचत जातं, म्हणून तो फेस, ती घरघर.

त्यावर उतारा ॲट्रोपिनचा: 0.6 मिलिग्रॅमची तीन अँप्यूल, मग दर पाच मिनिटांनी दुप्पट: 6, 12, 24. पंधरा मिनिटांत 45 अँप्यूल, म्हणजे 27 मिलिग्रॅम. दोन सिस्टर नुसत्या अँप्यूल फोडत होत्या. छाती साफ, काखा कोरड्या, नाडी आणि वरचं बीपी 80च्या पुढे, की दुप्पट करणं थांबवायचं. मग एकूण डोसच्या 10 ते 20 टक्के दर तासाला ड्रिपमधून. बाहुल्या पूर्ण मोठ्या होईस्तोवर देत राहणारेही असतात. पेशंट मग तापाने फणफणतो, बरळतो, लघवी तुंबते.

जखडलेलं एन्झाइम सोडवणारं पॅम (प्रॅलिडॉक्झिम) लावलं, पण फारशी आशा नव्हती. मोनोक्रोटोफॉसच्या गटातल्या विषाने जखडलेलं निम्मं एन्झाइम पावणेचार तासांतच कायमचं निकामी होतं. सात तासांनी सोडवण्यासारखं उरतं किती?

तिसऱ्या दिवशी छाती स्वच्छ, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 96. खाट हवी होती, म्हणून जनरल वॉर्डात हलवायची घाई. मान उचलायला सांगितलं तर उशीवरून डोकं हलेना. एका श्वासात आकडे म्हणायला लावले, नऊवर थांबला. ॲट्रोपिन स्राव आवरतं, नाडी वाढवतं. स्नायूंवरचे रिसेप्टर वेगळ्या जातीचे, तिथे ते शून्य. ॲसिटिलकोलीनच्या सततच्या माऱ्याने बहुधा हे रिसेप्टर प्रतिसादच देईनासे होतात, आणि 24 ते 96 तासांत मान, खांदे, मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात. ऑक्सिजन लावलेला असताना सॅच्युरेशन हे सगळं झाकून ठेवतं. ते पडायची वाट न बघता श्वासनलिकेत नळी घातली, तीही स्नायू सैल करणारं सक्सामेथोनियम टाळून. ते मोडणारं एन्झाइमही याच विषाने बंद पडलेलं असतं.

चार्टवर बाहुल्यांना, नाडीला, घामाला रकाने आहेत, मानेला नाही. छापील फॉर्म बदलायला वरून मंजुरी लागते. तोवर सिस्टर समासात पेनने लिहितात: ‘मान, दर 4 तासांनी’.