सासूबाईंची तक्रार

"घटस्फोट नको मॅडम, लग्नच रद्द करून द्या," असं म्हणत आलेल्या पक्षकाराला मी आधी विचारते, फसवणूक कळली कधी आणि कळल्यावर काय केलंत? कागदावर घटस्फोटाचा शिक्का नको, हे मला समजतं. पण कोर्ट तुमची हौस बघत नाही, कलम बघतं. दोघं राजी असली म्हणूनही लग्न रद्द होत नाही. उलट दोघांनी आपसांत ठरवून अर्ज केलाय असा संशय आला, तर न्यायाधीश जास्तच खोलात जातात. राजीखुशीने वेगळं व्हायचं असेल तर परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा रस्ता आहे, तिकडून जा.

ही मुलगी आली तेव्हा (तपशील थोडे बदलले आहेत) तिच्याकडे उत्तर तयार होतं. नवऱ्याच्या विम्याची जुनी पॉलिसी हाती लागली होती. नॉमिनी म्हणून भलत्याच बाईचं नाव आणि नात्याच्या रकान्यात 'पत्नी'. तिने तिथल्या तिथे मोबाईलवर फोटो काढला. त्या फोटोची तारीख हीच आमच्या केसची पहिली वीट.

नवऱ्याचं पहिलं लग्न कोर्टातून रीतसर मोडलेलं होतं. ते कायम असतं तर हिचं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम ११ खाली मुळातच रद्दबातल ठरलं असतं. इथे तसं नव्हतं. आमचा आधार कलम १२ चा: समोरच्याबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली. १९७६ च्या दुरुस्तीने हे शब्द कायद्यात आले, त्याआधी फसवणुकीचा अर्थ कोर्टं बराच आखडून लावत. लपवाछपवीचा पुरावा भक्कम होता. विवाह नोंदणीच्या अर्जात नवरदेवाने स्वतःच्या सहीने 'अविवाहित' लिहिलं होतं आणि पहिल्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या आदेशाची, नक्कल आम्ही त्या कोर्टातून काढली होती. "मध्यस्थाला सगळं सांगितलं होतं," अशी कैफियत आली, पण मध्यस्थ साक्षीला आलाच नाही.

खरी अडचण पुढेच होती. फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, तो आम्ही केला होता. पण कळल्यानंतर स्वखुशीने नवरा-बायको म्हणून एकत्र राहिलात, तर अर्ज तिथेच संपतो. आणि ही मुलगी फोटो काढल्यावरही काही आठवडे त्याच घरात होती. माहेरी आजारपण चालू होतं, लगेच कुठे जाणार? उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी चुलतदिराच्या लग्नातला फोटो पुढे केला. दोघं शेजारी उभी, दोघंही हसतायत. "एकत्र राहत होतात ना?" "एका घरात राहत होते." तिचं उत्तर चोख होतं, पण त्याला आधार फक्त तिच्याच शब्दाचा. बंद खोलीतल्या गोष्टीला साक्षीदार आणायचा कुठून?

तो समोरच्यांनीच आणला. सासूबाई मुलाच्या बाजूने साक्षीला उभ्या राहिल्या. सुनावणी इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, त्यामुळे दालनात मोजकी माणसं. त्यांच्या शपथपत्रात एक मोघम वाक्य होतं, "अर्जदार घरात नीट वागत नसे." अशा वाक्याला हात लावू नये, असं आम्हाला शिकवतात, साक्षीदार भलतंच बोलून बसतो. पण बाई रागात होत्या आणि मुलीने मला घरातली झोपायची व्यवस्था सांगून ठेवली होती. मी विचारलं, "नीट वागत नसे म्हणजे काय हो, आई?"

बांध फुटला. "काय म्हणजे? ते पॉलिसीचं भांडण झालं त्या रात्रीपासून ही माझ्या खोलीत येऊन झोपली. रात्रभर दिवा चालू. मला मेलीला झोप नाही. मुलगा बोलवायला आला तरी उठायची नाही. असं कुठे असतं का?"

समोरचे वकील अर्धवट उठले आणि बसले. न्यायाधीशबाईंनी मान वर न करता स्टेनोला मजकूर सांगायला सुरुवात केली: "हे खरे आहे की, पॉलिसीवरून वाद झाल्यानंतर अर्जदार माझ्या खोलीत झोपत असे. हे खरे आहे की, जाबदेणार बोलावण्यास आला असता ती गेली नाही." मी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. सासूबाई सही करताना म्हणाल्या, "सगळं लिहिलंत ना? नाहीतर म्हणाल मी खोटं बोलते."

बाहेर व्हरांड्यात समोरच्या वकिलांनी म्युच्युअलचा, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा, विषय काढला. मुलीने मला बाजूला घेऊन फरक विचारला. मी सांगितलं की लग्न रद्द झालं तरी कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते, म्हणजे पैशांसाठी म्युच्युअलला हो म्हणायची गरज नाही. मूल असतं तर कलम १६ ने ते औरसच राहिलं असतं. तो प्रश्नच नव्हता. ती म्हणाली, "पोटगी नकोच मला. निकाल हवा."

निकालात सासूबाईंची साक्ष जवळजवळ शब्दशः उतरली आहे. अपिलाची मुदत उलटेपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलायची घाई करू नकोस, असं मी तिला सांगितलं. अपील आलं नाही. दागिन्यांचा दावा मात्र अजून चालू आहे, आणि समोरच्यांच्या साक्षीदारांच्या यादीत सासूबाईंचं नाव पुन्हा आहे.