उत्तर आलं, मग फोड कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ‘शब्द जुळला, चौकोन भरले, आता त्याची एवढी फोड करत कशाला बसायचं?’ हा प्रश्न क्रिप्टिक कोडी, म्हणजे ज्यांच्या क्लूत उत्तराचा अर्थ आणि शब्दांचा खेळ दोन्ही असतात ती शब्दकोडी, सोडवणारेच विचारतात, त्यामुळे अगदी पहिल्यापासून सुरुवात करत नाही. फोड म्हणजे क्लूतून उत्तर कसं निघतं ते उलगडून दाखवणं, एवढंच सांगून ठेवतो.

‘सरकारला द्यायचा हात (२)’. कंसात उत्तराची अक्षरसंख्या. उत्तर ‘कर’. सरकारला द्यायचा तो कर आणि हात म्हणजेही कर. इथे फोड सांगावी लागत नाही, हे मान्य. पण हा क्लू घ्या: ‘घावामागून पहिला सूर, पूर्वजांचं देणं (३)’. शेवटचे दोन शब्द वाचून ‘वारसा’ सुचतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. ‘संस्कार’ हाही तीन अक्षरीच शब्द आहे आणि तेही पूर्वजांचंच देणं. मग ‘वारसा’च का? घाव म्हणजे ‘वार’, त्याच्या मागून सप्तकातला पहिला सूर ‘सा’. हे पाहिलं नसेल तर तुमच्याकडे उत्तर नाही, अंदाज आहे. बरोबर निघाला तरी अंदाजच.

फोड करायची म्हणजे क्लूतल्या प्रत्येक शब्दाला विचारायचं, तू इथे कशासाठी आहेस? अर्थ सांगणारा भाग जवळजवळ नेहमी अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असतो, मधे नसतो. उरलेल्या भागात कृती सांगणारा शब्द शोधायचा. उलटणं, परतणं, फिरणं आलं की शब्द मागून वाचायचा. दडणं, पोटात असणं आलं की सलग अक्षरांत शोधायचं: ‘सीमा-नवल यांच्यात दडलेला माणूस (३)’ यात सी, मा, न, व, ल अशी अक्षरं ओळीने लिहा, ‘मानव’ मधोमध सापडतो. वेडंवाकडं, विस्कटलेलं, मोडलेलं असं काही आलं की अदलाबदल: ‘वेडंवाकडं विकता ती काव्यरचना (३)’. ‘विकता’ची तीन अक्षरं हलवली की ‘कविता’. ‘ती’ हा नुसता सांधा. रचणाऱ्याने ‘तुम्ही वेडंवाकडं विकता’ असं लिहिलं असतं तर वाक्य जास्त गोड झालं असतं, पण ‘तुम्ही’ला काहीच काम राहिलं नसतं. मी त्याला दोष म्हणतो. क्लूतले स्वल्पविराम मात्र खुशाल विसरा, ते वाचणाऱ्याला चकवायलाच असतात.

मला हेकट म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की ही शिस्त माझी नाही. ‘आफ्रिट’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्येच बजावलं होतं की क्लूचा वरवरचा अर्थ फसवा असला तरी चालेल, पण शब्दशः वाचलं तर रचणाऱ्याला अभिप्रेत असलेलंच त्यातून निघालं पाहिजे. मराठीत ही अट आणखी कडक होते, कारण आपल्या चौकोनात अक्षर बसतं ते काना-मात्रा-वेलांटीसकट.

हे मला ज्या क्लूने शिकवलं तो असा: ‘नदी उलटली की दिवस (२)’. कित्येकदा मी तो उत्तम क्लू म्हणून समजावून सांगितला. फोड अशी लिहायचो: न-दी, उलट केली की दी-न, दिवस म्हणजे दिन, जमलं. जमलेलं नाही. लिहून पाहा. उलटलेल्या नदीतून निघतो तो ‘दीन’, दुसरी वेलांटी. दिवस या अर्थाचा तो ‘दिन’, पहिली वेलांटी. दोन्ही माझ्याच हातचे, एकाच ओळीत, आणि मला फरक दिसत नव्हता, कारण कानाला तो जाणवत नाही. शेवटी ‘अ’ असलेल्या शब्दात त्याच्या आधीचा इकार आपण लांबवूनच म्हणतो. वीट, पीठ, तीळ हे आपण लिहितोही दीर्घच. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तेवढे मूळ रूपात राहतात, म्हणून ‘दिन’ कागदावर ऱ्हस्व आणि तोंडात दीर्घ.

तेव्हा माझा युक्तिवाद होता, उच्चार एकच आहे, चालू द्या. तो टिकत नाही, कारण शब्द एकटा नसतो. त्याच ‘दी’च्या चौकोनातून खाली ‘नवऱ्याचा भाऊ (२)’ येत असेल तर तिथे ‘दीर’ हवा. आडवा ‘दिन’ भरलेल्या माणसाला उभ्यात ‘दिर’ दिसतो. तो म्हणतो आपला उभा शब्द चुकला. बरोबर असलेला दीर खोडतो, दुसरा नातेवाईक शोधत बसतो आणि अख्खा कोपरा अडतो. नियम पाळणाराच अडकतो, शुद्धलेखनाची पर्वा नसलेला सुटतो. ही चूक रचणाऱ्याची, आणि फोड नीट न करता वाहवा करणाऱ्याचीही, म्हणजे माझी.

दुरुस्ती अवघड नव्हती. ‘उलटलेली नदी ऐकून कळणारा दिवस (२)’ असं केलं की ‘ऐकून’ हा शब्द वेलांटीची जबाबदारी घेतो आणि ‘दिन’ न्यायाने येतो. त्याहून सरस म्हणजे दिवस सोडूनच द्यायचा: ‘नदी उलटली बिचारी (२)’. उत्तर ‘दीन’. तीन शब्द, तिघांनाही काम, वेलांटी जागच्या जागी.

सामान्यरूपाबद्दल माझं मत अजून ठरत नाही. ‘कमळाचं डोकं उडालं, घाण राहिली (२)’, म्हणजे ‘कमळ’मधला ‘क’ गेला, ‘मळ’ उरला. छान. पण छापलेला शब्द ‘कमळाचं’ आहे, ‘कमळ’ नाही. प्रत्यय सोलून मूळ शब्द काढायची सवलत मी इथे देतो. दडलेल्या शब्दांत देत नाही, कारण तिथे छापलेली अक्षरं हाच पुरावा असतो. ‘सीमेत’ लिहिलं की ‘मा’ गेलाच. एकीकडे सवलत आणि दुसरीकडे नाही, हा दुटप्पीपणा आहे असं म्हणाल तर माझ्याकडे चोख उत्तर नाही.

शब्दाच्या व्युत्पत्तीचाच क्लू करतात त्यावर एवढंच: ‘आदर आणि संपत्ती, मोबदला (४)’, उत्तर ‘मानधन’. शब्द बनलाच तसा आहे, त्यात चकवा कुठला?

आणि मग हा: ‘नवरा बिघडला, माकड झाला (३)’. उत्तर ‘वानर’, वाचताक्षणी आवडतो. फोड केली की न, व, रा यांतून वा, न, र निघत नाहीत. काना ‘र’वरून उठून ‘व’वर गेलाय. माझ्याच नियमाने हा क्लू बाद. इंग्रजीत स्वराला स्वतःचा चौकोन मिळतो, तो हवा तिथे हलतो. आपला स्वर व्यंजनाला धरून असतो. ‘काना सरकून नवरा बिघडला’ असं लिहिलं की हिशेब पुरा होतो, पण मग कोडं उरतच नाही, सगळं सांगूनच टाकलेलं असतं. बिघडणाऱ्या शब्दाची अक्षरंच काय ती हलावीत आणि मात्रा हलू नयेत, असं तरी का, असं म्हणणाऱ्यांना मी पूर्वी तोडून टाकायचो. आता तो क्लू आला की ‘वानर’ भरतो आणि फोडीपुढे प्रश्नचिन्ह ठेवतो.