तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या शाळेतला डिसेंबर

जानेवारीत हळदीकुंकवाला गेले की वाण हातात पडायच्या आधी हा प्रश्न येतो. लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाई विचारतात. प्रवेशाच्या दिवसांत लेकीचा हात धरून आलेली एखादी आई मला बाजूला घेते आणि आवाज खाली आणून विचारते. "तुम्ही कॉन्व्हेंटमध्ये शिकवता ना? मग नाताळात मुलींकडून काय काय करून घेतात तिथे? आपल्या मुलींनाही त्यांचं सगळं करावं लागतं का?"

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका कॅथलिक मुलींच्या शाळेत मी २१ वर्षं मराठी शिकवते आहे. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. लेकीला नव्या जागी धाडताना आईला वाटणारी काळजी मला कळते, म्हणून या प्रश्नाचा राग कधी आला नाही. पण फलाटावर उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

आधी काळजीचं. सकाळी असेम्ब्लीत प्रार्थना होते, हे खरं आहे. ज्यांना म्हणायची आहे त्या म्हणतात, बाकीच्या शांत उभ्या राहतात. धर्मशिक्षणाचा तास, म्हणजे कॅटेकिझम, फक्त कॅथलिक मुलींना असतो. त्याच वेळी बाकीच्या मुलींना मूल्यशिक्षण, आणि तो तास बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सामील व्हायला लावता येत नाही. देशातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना लेखी सांगितलं, की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका आणि सकाळी संविधानाची उद्देशिका वाचून घ्या. एवढ्या वर्षांत आमच्या शाळेत आलेली एकही मुलगी धर्म बदलून बाहेर पडलेली मला माहीत नाही.

पण प्रश्न एवढाच असता तर मी हे लिहायला बसले नसते. तिथे काय करून घेतात, असंही तुम्ही विचारता. ते सांगण्यासारखं आहे.

नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून आगमनकाळ सुरू होतो. म्हणजे सण अजून यायचा आहे, आत्ता फक्त वाट बघायची. नववीच्या मुली त्याच सुमाराला येशूच्या जन्माच्या देखाव्याचा गोठा उभारायला घेतात. पोती पाण्यात भिजवायची, माती कालवायची, बांबूंना सुतळीने आवळायचं. दिवाळीत चाळीच्या अंगणात किल्ला केलेल्या मुली लगेच ओळखू येतात, कारण त्या माती हातात घेतात आणि डोंगर कुठून चढवायचा ते आधी ठरवतात. गोठा करण्याच्या प्रथेची सुरुवात असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी केली असं मानतात. त्याने खरा बैल, खरं गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण मांडली होती. राजवाड्यात राहणाऱ्या देवाची सवय झालेल्या लोकांना त्याचं गरिबाघरचं जन्मणं दिसावं म्हणून. २०२३ साली त्याला ८०० वर्षं झाली, तेव्हा आमच्या मुलींनी गोठ्यातल्या सगळ्या मूर्ती मातीच्या केल्या. एकही विकत आणली नाही. गाढवाचे कान दोनदा गळून पडले.

गोठ्यासमोर हिरवं शेत हवं म्हणून नाचणी पेरतात. नाचणी रात्रभर भिजवायची, मिठाईच्या रिकाम्या डब्यात ओली माती घालून तिच्यावर पसरायची, दोन दिवस फडक्याने झाकून ठेवायची. दहा-बारा दिवसांत बोटभर कोवळी पाती उभी राहतात. वसईहून येणाऱ्या एका मुलीला हे तिच्या आजीने शिकवलं होतं आणि ती मोठ्या अधिकाराने सगळ्यांना सांगत होती: पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. शेजारी बसलेली दुसरी म्हणाली, "अगं, हे तर आमचे घट!" मग दोघी घटाला कोणती धान्यं लागतात यावर बोलत बसल्या. मी तिथेच उभी होते. मूल्यशिक्षणाच्या तासाला जे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिते, ते त्या डब्याभोवती आपोआप होत होतं.

गोठ्यापासून थोडं दूर, जिन्याखाली, एक लाकडी गव्हाण रिकामी ठेवलेली असते. तिच्या शेजारी टोपलीत भाताच्या पेंढ्याच्या वीतभर काड्या. पेंढा आमचे एक शिपाईमामा गावाहून आणतात. भाताची कापणी तोवर उरकलेली असते. नियम एकच. कोणाच्या नकळत कोणासाठी काही केलंत, तर येता जाता एक काडी गव्हाणीत टाका. सांगायचं नाही, लिहायचं नाही. पंचविसाव्या तारखेपर्यंत बाळाचं अंथरूण मऊ व्हायला हवं.

माझ्या पहिल्याच वर्षी मी मुख्याध्यापिका सिस्टरांना सुचवलं होतं, की हाऊसप्रमाणे काड्या मोजू या, मुलींना चुरस वाटेल. त्या म्हणाल्या, "मोजायला लागलो तर मुलीही मोजूनच चांगलं वागतील." मी तेव्हा तरुण होते, मला ते फारसं पटलं नव्हतं. मग एका दुपारी आठवीतली एक मुलगी गव्हाणीपाशी दिसली. तिने काडी टाकली, दोन पायऱ्या चढली, परत खाली आली, आणि तीच काडी शोधून टोपलीत ठेवू लागली. मी विचारलं. ती म्हणाली, "बाई, मी आत्ताच मैत्रिणीला सांगून टाकलं. आता ही नाही चालत." त्या दिवसानंतर मी मोजायची गोष्ट कधी काढली नाही.

कॅरल स्पर्धा, केक, झाडावरचे तारे हे सगळ्याच शाळांत होतं, त्यावर जास्त लिहीत नाही. एवढं मात्र सांगते, की मुलींची शाळा असल्यामुळे बांबूवर चढणारी मुलगीच, दिव्यांच्या माळा जोडणारी मुलगीच, येशूच्या जन्माच्या नाटिकेतला योसेफ मुलगीच आणि काजळाच्या दाढ्या काढलेले तीन राजेही मुलीच. 'हे मुलांना सांगू' हे वाक्य आमच्याकडे कोणाच्या तोंडी येत नाही. वृद्धाश्रमाच्या भेटीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे आणि ते मी शिक्षकसभेतही मांडलं. डिसेंबरात तिथे केक घेऊन येणाऱ्यांची रांग लागते, आजी-आजोबा फोटो काढून काढून दमतात, आणि जुलैत कोणी फिरकत नाही. आता आमच्या मुली जुलैतही जातात. डिसेंबरात जाताना हात रिकामे ठेवतात, पत्त्यांचा डाव तेवढा नेतात.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शेवटचे दोन तास शाळा शांत असते. आमचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, दहावीच्या पूर्वपरीक्षा डोक्यावर असतात, तरी वर्ष सरल्याचं डिसेंबरातच जाणवतं. प्रत्येक मुलीला एक कोरा कागद मिळतो. फळ्यावर दोनच प्रश्न: या वर्षी तुला कोणी सांभाळलं? तू कोणाला दुखावलंस? लिहायचं, घडी घालायची, दप्तरात ठेवायची. कागद गोळा करत नाहीत, वाचत नाहीत. मीही लिहिते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या प्रश्नाखाली मी आमच्याच एका मुलीचं नाव लिहिलं होतं. तिच्या अक्षरावरून मी तिला सगळ्या वर्गासमोर बोलले होते. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी तिला बोलावून माफी मागितली. मला वाटलं होतं, ती विसरली असेल. तिला कोणत्या तासाला, कोणत्या धड्याला, सगळं आठवत होतं.

नाटिका मी मराठीत लिहिते, हे ऐकून खूप जणांना नवल वाटतं. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी असं आपण धरूनच चालतो. मराठीतलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत, म्हणजे येशूच्या जन्माची ही कथा मराठी ओवीत ४०० वर्षांपूर्वीच येऊन बसली आहे. माझा सूत्रधारही ओवीत बोलतो. मरियेला वसईच्या आजीचं लाल लुगडं असतं. आणि गव्हाण, बाळंतं, उतारशाळा म्हणजे वाटसरूंनी उतरायची जागा, हे शब्द मुलींना याच निमित्ताने कळतात. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला गव्हाण कुठून माहीत असणार?

उतारशाळेचा मालक व्हायला कोणी तयार नसतं. पोटुशी बाई दारात उभी आणि जागा नाही म्हणणारा माणूस कोण होणार? खरं तर बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात असा माणूसच नाही. उतारशाळेत त्यांना जागा नव्हती, एवढंच तिथे आहे. दारातला माणूस लोकांनी नंतर उभा केला. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी नववीला सांगितलं, त्याचे संवाद तुम्हीच लिहा. तो काय म्हणाला असेल?

बहुतेकींनी त्याला खलनायक केलं. ओरडणारा, काठी आपटणारा. एका वहीत मात्र चारच ओळी होत्या. "या, बसा. पाणी घ्या. आडनाव काय म्हणालात? अरेरे, जागा कालच गेली."

मी तिला थांबवून विचारलं, हे कुठून सुचलं. ती म्हणाली, मे महिन्यात ते भाड्याचं घर शोधत होते, तीन ठिकाणी असंच झालं. एजंटने आधी जागा रिकामी आहे म्हणून सांगितलं होतं. "पण कोणी ओरडलं नाही, बाई. हसून बोलले. आईला पाणीसुद्धा दिलं."

मालक तीच झाली. तालमीत मी तिला म्हटलं, थोडा आवाज चढव, मागच्या रांगेपर्यंत पोचायला हवं. ती नाही म्हणाली. त्याने आवाज चढवलाच नव्हता, असं तिचं म्हणणं. शेवटी आम्ही माइक तिच्याजवळ सरकवला.

प्रयोगाच्या दिवशी सभागृहात पालक होते, पहिलीच्या मुली पुढे जमिनीवर बसल्या होत्या. योसेफ आणि मरिया दारात आले. तिने हसून दोघांना बसवलं, मरियेच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, ती पाणी पिऊन होईपर्यंत थांबली, आणि मग आडनाव विचारलं. पुढच्या रांगेतली एक बाई खाली बघू लागली. मागे कोणीतरी खाकरलं, मग तेही थांबलं. "अरेरे, जागा कालच गेली," हे वाक्य तिने इतक्या नरमाईने म्हटलं, की पहिलीतल्या एका छोटीने मोठ्याने विचारलं, "मग आता ती झोपणार कुठे?"

पडदा पडला. गोठ्यातली नाचणी तोवर एका बाजूला कलली होती. मुली चहा घेऊन शिपाईमामांकडे आणि मावश्यांकडे गेल्या; त्या दिवशी त्यांनी बसायचं आणि मुलींनी वाढायचं, असं ठरलेलं आहे. मी रंगमंचावरची ओढणी, काठ्या, दाढीचं काजळ गोळा करत होते. तेवढ्यात ती परत आली आणि टेबलाखाली वाकून काहीतरी शोधू लागली.

"काय हवंय ग?"

"ग्लास, बाई. घरचा आहे. आईने आठवणीने परत आणायला सांगितलाय."