व्हायोलिनची कार्यशाळा: अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत

अर्जात दोन पर्याय होते, 'वाजवणारे' आणि 'ऐकणारे'. ऐकणाऱ्यांची फी बरीच कमी. तंतुवाद्यं शिकणाऱ्या मुलांसाठी मुंबईत दिवसभराची कार्यशाळा आहे आणि परदेशातून दोन वादक शिकवायला येणार आहेत, असं लेकीच्या सरांनी वर्गाच्या ग्रूपवर टाकलं. पालकांनी पहिला प्रश्न विचारला तो अर्थातच, 'वाजवायला मिळेल ना?' माझी मुलगी सातवीत आहे, पुण्यात पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकते. सर म्हणाले, "वाजवू दे तिला, घाबरली तरी चालेल." म्हणून 'वाजवणारे'वर खूण केली. पुढच्या वर्षी कुणी या वाटेने जाणार असेल तर उपयोग होईल, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

वाजवणाऱ्यांना आधी व्हिडिओ पाठवायचा होता. एक स्केल (स्वरांचा ओळीने चढ-उतार), एक रचना, मध्ये कुठेही कापाकापी नको, आणि डावा हात, बो (वाजवायचा गज), चेहरा हे तिन्ही दिसायला हवेत. वाचायला सोपं आहे. फोन अगदी समोर ठेवला तर व्हायोलिन कॅमेऱ्याकडे टोक करून उभं राहतं आणि बो कुठे चाललाय ते कळतच नाही. वाजवणाऱ्याच्या उजव्या अंगाला, थोडा तिरका ठेवला की जमतं. शिवाय फोन जवळ असला की तो मोठा आवाज आपोआप दाबतो, मग पोरीने जीव तोडून केलेला लहान-मोठ्या आवाजाचा फरक सपाट होऊन जातो. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायचा. पंखा बंद, कुकर बंद, आणि शेजारच्या बाळाला झोप लागेपर्यंत थांबायचं.

रचना निवडली ती इटालियन संगीतकार विवाल्दीच्या ए मायनर कॉन्चेर्तोचा (एक वाद्य पुढे आणि साथीला वाद्यवृंद, अशी रचना) पहिला भाग. १७११ साली ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या बारा कॉन्चेर्तोंच्या संचातला हा सहावा. लहान मुलांना व्हायोलिन शिकवायच्या सुझुकी पद्धतीच्या चौथ्या पुस्तकात तो आहे, त्यामुळे या वयाची निम्मी मुलं हाच घेऊन येतात. हे कळल्यावर मला जरा धास्ती वाटली, पण सर म्हणाले तेच बरं, चार जणांना एकाच रचनेवर शिकवताना ऐकायला मिळेल. मला तेव्हा ती नुसती समजूत घालणं वाटलं होतं. तो त्या दिवसाबद्दलचा सगळ्यात कामाचा सल्ला निघाला.

निवड झाल्याची मेल आली, सोबत आणायच्या वस्तूंची यादी. नोटेशनच्या दोन प्रती (एक शिक्षकांसाठी, त्यात मापांचे, म्हणजे नोटेशनमधल्या उभ्या रेघांमधल्या तुकड्यांचे, क्रमांक घातलेले), पियानोच्या साथीची वेगळी प्रत, एक जादा ई तार (व्हायोलिनच्या चार तारांतली सगळ्यात बारीक), नाव लिहिलेला स्टँड आणि पेन्सिल. पेन चालणार नाही हे ठळक अक्षरात होतं. मापांचे क्रमांक आळस न करता घालावेत. 'एकोणचाळिसाव्या मापापासून' असं कुणी म्हटलं आणि मूल पानावर बोट फिरवत मोजत बसलं, की त्याच्या वाट्याला शिकवण्याची जी वीस मिनिटं येतात त्यांतली दोन तिथेच जातात. बाकी मुलांची तशी गेलेली पाहिली.

पुण्याहून सकाळी निघून नऊला दक्षिण मुंबईत पोचणं अवघड, म्हणून आदल्या रात्रीच दादरला बहिणीकडे गेलो. मावशीने पोहे केले होते, लेकीने दोन घास खाल्ले.

सकाळचं पहिलं सत्र फक्त वाद्य सुरात लावण्याचं. मी आधी मनात म्हटलं, एवढ्या लांबून येऊन तारा लावायला शिकायच्या? पण दोन पाहुण्या वादकांपैकी ज्या बाई होत्या त्यांनी (युरोपातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवतात) सगळ्यांना फोनमधला ट्यूनर बंद करायला लावला. पियानोवरून एकच 'ए' स्वर दिला, बाकीच्या तीन तारा कानाने लावा म्हणाल्या. व्हायोलिनच्या शेजारशेजारच्या दोन तारांत पंचमाचं अंतर असतं, म्हणजे आपलं सा-प. तंबोरा कानात मुरलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही. ऐकणाऱ्यांमध्ये एक मुलगा होता, मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून, हिंदुस्थानी पद्धतीने वाजवणारा. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार या व्हायोलिनवादकांनी आपल्याकडे रुजवलेली ती बैठक. त्याला सहज पुढे बोलावलं, तर त्याने डोळे मिटून दोन तारा अशा जुळवल्या की बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. बाकी मुलं अजून खुंट्यांशी झटत होती.

मग एक प्रयोग. ए तारेवर तिसरं बोट ठेवलं की 'डी' येतो, आणि शेजारीच मोकळी, म्हणजे बोट न ठेवलेली, डी तार आहे. बोट अचूक जागी पडलं तर न छेडलेली ती तार आपोआप बोलू लागते, बो उचलल्यावरही गुंजन मागे राहतं. बोट केसभर सरकलं की ते गुंजन गायब. सारंगीच्या तरफा (मुख्य तारांखालच्या, न छेडता बोलणाऱ्या तारा) याच तत्त्वावर बोलतात. आमच्या घरी आजवर "सूर लागला का?" हे मी विचारायचे आणि ती खांदे उडवायची. आता वाद्यच उत्तर देतं, मला विचारावं लागत नाही. नुसत्या या अर्ध्या तासासाठी फी वसूल झाली असं माझं मत आहे.

त्यानंतरचं टाळ्या वाजवून, जागेवर उड्या मारून ताल पकडायचं सत्र मात्र लांबलं. लहानांना मजा आली, चौदा-पंधरा वर्षांची मुलं भिंतीला टेकून एकमेकांकडे बघत होती. दिवसात सगळंच कोंबायचा हट्ट आयोजक का धरतात कळत नाही.

वाद्यांची देखभाल शिकवणाऱ्या काकांचं सत्र पालकांसाठीही खुलं होतं, आणि वहीत सर्वांत जास्त मी तिथे लिहिलं. मुंबईची दमट हवा आणि सभागृहातला एसी, यांत वाद्याचे हाल होतात. दमट हवेत खुंट्या फुगून घट्ट बसतात, एसीत लाकूड आकसलं की सुटतात आणि तार एकदम ढिली पडते. बोचे केस दमटपणात लांबतात, कोरड्या हवेत आखडतात. म्हणून वाजवून झालं की बो सैल करायचाच, नाहीतर आखडलेले केस काठीला वाकवतात. तारा खुंटीने ताणल्या की घोडी (तारांना उचलून धरणारी लाकडी पट्टी) हळूहळू मानेच्या बाजूला कलत जाते, ती अधूनमधून दोन्ही हातांनी अलगद सरळ करायची. तार ज्या खाचेतून जाते तिथे साध्या पेन्सिलीचं शिसं घासलं की तार अडकत नाही. (पेन्सिलीचा आग्रह का होता ते आत्ता कळलं, असं एक आजोबा म्हणाले.) आणि सगळ्या तारा एकाच वेळी कधीही काढायच्या नाहीत. पोटात उभी असलेली छोटी लाकडी दांडी, साउंड पोस्ट, चिकटवलेली नसते. ती फक्त तारांच्या दाबावर उभी असते, दाब गेला की पडते. मग ती बसवायला जाणकार माणूस शोधा.

काकांनी मुलांच्या वाद्यांची मापंही पाहिली. हात सरळ लांब करून व्हायोलिनचं टोक तळव्यात सहज मावलं पाहिजे. बऱ्याच मुलांना ते पुरत नव्हतं. शाळेचा गणवेश जसा दोन वर्षं टिकावा म्हणून वाढत्या मापाचा घेतो, तशी व्हायोलिनं घेतलेली. काका कुणाला बोलले नाहीत, पण मोठ्या वाद्याने करंगळी ताणून ताणून हात दुखावतो हे त्यांनी दोनदा सांगितलं. आमचं तीन-चतुर्थांश मापाचं व्हायोलिन बरोबर निघालं. ते सरांनी भाड्याने घ्यायला लावलं होतं, विकत नव्हे.

जेवणाच्या रांगेत मघाचे आजोबा भेटले. मूळचे गोव्याचे, चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवणाऱ्या नातीला घेऊन आलेले. तरुणपणी ते हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवायचे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत, आणि तिथूनच मुंबईच्या सिनेमासंगीताला वादकांचे जथेच्या जथे मिळाले. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. आजोबा म्हणाले, "आमका असो मास्टर क्लास खंय आशिल्लो? चुकलो की रेकॉर्डिंग थांबायचं आणि शंभर माणसं वळून बघायची, तोच आमचा मास्टर क्लास." कोकणी-मराठीची त्यांची मिसळ लेकीला फार आवडली. पोटात अन्न गेलं ते त्यांच्यामुळेच.

दुपारी मास्टर क्लास. प्रत्येकाला वीस मिनिटं, आधी दहा मिनिटं मागच्या खोलीत पियानोवादकाबरोबर सराव. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: मूल रचना वाजवतं, समोर बाकीची मुलं, पालक, शिक्षक बसलेले. मग पाहुणे वादक मधेच थांबवतात आणि सर्वांसमोर शिकवतात. आमच्या कन्येने जेमतेम अर्धं पान वाजवलं. उरलेला सगळा वेळ ती पहिल्या चार मापांच्या पलीकडे गेलीच नाही. मागे एक आई कुजबुजली, "पूर्ण वाजवूपण देत नाहीत."

त्या चार मापांत काय झालं? वादकांनी तिला डावा हात खाली घ्यायला सांगितला. आता हीच ओळ, हीच लय, पण फक्त मोकळ्या तारांवर. बोटांचं काम काढून घेतल्यावर उजव्या हाताचे सगळे गुण उघडे पडले. बो वर जाताना हळू, खाली येताना घाईत, आणि प्रत्येक वेळी घोडीपासून लांब सरकत. आवाज तीन गोष्टींवर ठरतो, ते म्हणाले: बो किती वेगाने चालतो, किती वजन पडतं आणि घोडीपासून किती अंतरावर. एक बदललं की उरलेली दोन सांभाळावी लागतात. तिला एकेक करून बदलायला लावलं. ती लाल झाली होती, पण हसत होती.

नंतर म्हणाले, गाऊन दाखव. इथे बहुतेक मुलं अडली होती, कुणी 'ला ला' केलं, कुणी मान खाली घातली. आमची लेक आजीच्या मांडीवर सरगम शिकलेली. तिने 'ए'ला सा धरला आणि स्वरांची नावं घेत ओळ म्हणून टाकली. ए मायनरचे स्वर म्हणजे आपला आसावरी थाट, गंधार, धैवत, निषाद कोमल, आणि विवाल्दी मधे मधे निषाद शुद्ध करतो तोही तिने बरोबर घेतला. वादकांना ती नावं कळली नाहीत, पण श्वास कुठे घेतला ते कळलं. "तिथेच बो बदल," एवढंच म्हणाले. तिने वाजवलं. फरक मलाही ऐकू आला, आणि माझा कान काही फार तयार नाही.

तिच्यानंतर आणखी दोघांनी हीच रचना वाजवली. एकाचा बो सुरेख आणि सूर डगमगते, दुसरीचं सगळं अचूक आणि ओठ घट्ट आवळलेले. तिला वादकांनी चालता चालता वाजवायला लावलं, स्टेजभर. लेक आता माझ्या शेजारी बसून आपल्या प्रतीवर पेन्सिलीने खुणा करत होती. स्वतःच्या वीस मिनिटांत हृदय धडधडत असताना तिला जे ऐकू आलं नव्हतं, ते दुसऱ्याच्या वेळी येत होतं. ज्यांची मुलं वर्ष-दीड वर्ष शिकतायत त्यांना मी स्पष्ट सांगेन, ऐकणारे म्हणूनच नाव द्या. आणि कृपा करून सत्रभर चित्रीकरण करू नका. पुढच्या रांगेतल्या एका बाबांचा हात सबंध दुपार हवेत होता, आम्हाला स्टेज त्यांच्या पडद्यावर पाहावं लागलं.

शेवटी सगळ्यांनी मिळून जर्मन संगीतकार पाखेलबेलचा कॅनन वाजवला. मुळात ही रचना तीन व्हायोलिन आणि खालच्या आधारस्वरांसाठी आहे. तिन्ही व्हायोलिनना तोच मजकूर, फक्त दोन-दोन मापांच्या अंतराने सुरू करायचा. चेलोला मात्र आठच सूर: डीला सा मानला तर सा प ध ग म सा म प. ते अठ्ठावीस वेळा. आजोबांची नात शेवटपर्यंत तेवढंच वाजवत होती आणि व्हायोलिनवाली मुलं दोनदा घसरली तेव्हा तिच्याकडे बघूनच परत जागेवर आली. आजोबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, बोटावर आवर्तनं मोजत होते. प्रमाणपत्रांचा कार्यक्रम त्या वाजवण्यापेक्षा लांबला. प्रत्येकाचा वेगळा फोटो, मग वर्गाचा, मग पाहुण्यांबरोबर.

घरी आल्यावर सरांनी आधी कॅनन नाही, विवाल्दी नाही, मोकळ्या तारा वाजवायला लावल्या. आता रोज सुरुवात तीच. पण लेकीचं लक्ष वेगळीकडेच आहे. निघता निघता त्या बाईंनी मुलांना व्हिओला (व्हायोलिनसारखाच, पण मोठा आणि खालच्या सुरांचा) हातात घेऊन पाहायला दिला होता. सबंध कार्यशाळेत व्हिओला तो एकच. तारा सी, जी, डी, ए, म्हणजे सगळ्यात बारीक ई गेली आणि खाली एक जाड तार आली. तिने ती सी तार एकदाच ओढली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, हा आवाज माझा आहे." नोटेशन वेगळ्या क्लेफमध्ये (कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणारी खूण), शिकवणारे शहरात मोजके, आणि लहान मुलांच्या मापाचा व्हिओला मिळणं कठीण, हे सगळं मी टॅक्सीत बोलून झालं. तिने देखभालवाल्या काकांचा सल्ला काढला: तीन-चतुर्थांश व्हायोलिनवरच व्हिओलाच्या तारा चढवता येतात, लहान मुलं तशीच सुरुवात करतात. तारांचा संच मागवलाय. चढवताना एकेक करूनच बदलणार आहोत. सरांच्या कानावर अजून घालायचंय, ते मावशीच्या मते तिनेच घालावं.